अपडेटनंतर बंद पडलेला यूएसबी-सिरीयल अडॅप्टर पुन्हा चालू करणे: आधी ड्रायव्हर, मग चिप

काल चालणारा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर (जुन्या सिरीयल तारेचं यंत्र यूएसबीला जोडणारा जोड) आज लावला तर कॉम पोर्टच, म्हणजे त्या यंत्राशी बोलायचं विंडोजमधलं दारच, दिसत नाही. मधे घडलेलं एवढंच, की विंडोजने स्वतःहून ड्रायव्हर बदलला. अशा वेळी कुणी नेटवर सापडेल तो ड्रायव्हर चढवतो, कुणी चिप दुरुस्त करणारं साधन लगेच चालवतो. दुसऱ्या पद्धतीने अडॅप्टर जिवंत होतो खरा, पण त्याच कॉम्प्युटरला परत लावला की पुन्हा मरतो. मग 'चिपच गेली' असं समजून तो कचऱ्यात जातो.

चिप बहुतेक वेळा गेलेली नसते, दुरुस्तीचा क्रम चुकलेला असतो. ज्या ड्रायव्हरने अडॅप्टर बंद पाडला तो कॉम्प्युटरमधून आधी निघाला पाहिजे, चिपला हात त्यानंतर लावायचा. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि ते त्याच क्रमाने करा.

लेखातले आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना ते छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायचे.

आत नेमकं काय बिघडतं

प्रत्येक यूएसबी उपकरण कॉम्प्युटरला दोन क्रमांक सांगतं: कंपनीचा व्हीआयडी आणि वस्तूचा पीआयडी. एफटीडीआय कंपनीच्या एफटी२३२आर चिपसाठी ते ०४०३ आणि ६००१ आहेत. विंडोज या जोडीवरूनच ड्रायव्हर निवडतं. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआयचा २.१२.०० हा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून सगळीकडे पोचला. तो नकली चिपच्या ईईपीरॉममधला (वीज गेली तरी टिकणाऱ्या छोट्या मेमरीतला) पीआयडी ६००१ चा ०००० करून टाकत होता. ०००० क्रमांकासाठी कुठलाच ड्रायव्हर नेमलेला नसल्यामुळे उपकरण ओळखलंच जाईना.

अस्सल चिपला याने काही होत नव्हतं. अस्सल एफटी२३२आर ईईपीरॉममध्ये दोन शब्दांची जोडी पूर्ण झाल्यावरच लिहिते, नकली चिप एकेक शब्द आला तसा लिहून टाकते. ड्रायव्हर जोडीतला एकच शब्द पाठवायचा. अस्सल चिप तो सोडून द्यायची, नकली चिप लिहून घ्यायची. म्हणजे फक्त एक क्रमांक बदललेला असतो, बाकी चिप धडधाकट असते. म्हणून ती परत आणता येते.

मोठा गदारोळ झाल्यावर कंपनीने तो ड्रायव्हर मागे घेतला. पण त्या दिवसांत अपडेट घेऊन नंतर कधीच नेटला न जोडलेले कॉम्प्युटर, आणि 'ड्रायव्हर्स' नावाच्या फोल्डरसह हातोहात फिरणारे पेनड्राइव्ह यांत तो अजून असू शकतो. वर्कशॉपमध्ये सीएनसीजवळ (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाई यंत्राजवळ) ठेवलेला विंडोज ७ चा जुना पीसी हे त्याचं अगदी संभाव्य ठिकाण.

## टप्पा १ : रोग कोणता ते ठरवा

हा टप्पा गाळणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. बाहेरून 'अडॅप्टर चालत नाही' असंच दिसतं, पण आतले रोग वेगळे आणि उपायही वेगळे.

अडॅप्टर लावा आणि डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह असलेल्या नोंदीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. आता काय दिसतं ते पाहा.

* व्हीआयडी ०४०३, पीआयडी ००००. पीआयडी पुसला गेला आहे. जनरल टॅबवर बहुधा कोड २८, म्हणजे ड्रायव्हर बसवलेला नाही, असं असेल. हा लेख मुख्यतः याच रोगाचा आहे.
* व्हीआयडी ०४०३, पीआयडी ६००१. कॉम पोर्ट दिसतो, पण माहितीच्या जागी 'नॉन जेन्युइन डिव्हाइस फाउंड' असे इंग्रजी शब्द येतात. २०१६ च्या सुरुवातीपासूनच्या ड्रायव्हरचं हे वागणं आहे. चिपमध्ये काहीच बदललेलं नाही. टप्पा ४ गाळा, टप्पा ३ आणि ६ करा.
* व्हीआयडी ०६७बी, पीआयडी २३०३. ही प्रोलिफिकची किंवा तिच्या नकलेची चिप. कोड १० दिसेल. शेवटी तिच्यासाठी वेगळा भाग आहे.
* व्हीआयडी १ए८६, पीआयडी ७५२३. ही सीएच३४० चिप आहे. वरच्या प्रकरणाशी तिचा संबंध नाही, तिचा स्वतःचा ड्रायव्हर बसवा.
* 'अननोन यूएसबी डिव्हाइस', डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड, कोड ४३. क्रमांक वाचलेच जात नाहीत. केबल, सोल्डर, पोर्ट किंवा चिप यांपैकी काहीतरी खरोखर बिघडलं आहे. आधी दुसरी केबल लावून बघा. फक्त चार्जिंगची केबल असली तर कॉम्प्युटरला काहीच दिसणार नाही.

> तपासणी: दिसलेला क्रमांक कागदावर लिहून ठेवा. पुढे 'काही बदललं का' हे त्यावरूनच कळणार आहे.

## टप्पा २ : तयारी

कुठलीही दुरुस्ती सुरू करण्याआधी अडॅप्टरच्या सिरीयल बाजूचं सगळं सोडवा. वजनकाटा, पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर), राउटरचा कन्सोल, दूध संकलन केंद्रावरचं फॅट मोजायचं यंत्र, जे काही जोडलेलं असेल ते काढा. चाचणीच्या वेळी भलतेसलते बाइट तारेवर जातात आणि समोरचं यंत्र त्यांना आज्ञा समजू शकतं.

दुसरं, एफटीडीआय चिपचं बाकी कुठलंही उपकरण कॉम्प्युटरला लावलेलं ठेवू नका. आर्डुइनोचे बोर्ड, प्रोग्रामर, काही मोजणी यंत्रं यांत ही चिप सर्रास असते. ईईपीरॉम लिहिताना चुकीच्या उपकरणावर लिहिलं गेलं तर नवीनच काम निघेल. पाच अडॅप्टर मेले असतील तर पाचही एकेक करून करा, सगळ्यांचा पीआयडी ०००० असल्यामुळे साधनाला त्यांच्यात फरक करता येणार नाही.

तिसरं, उबुंटूचा, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकाराचा, लाइव्ह पेनड्राइव्ह तयार करा. ८ जीबीचा पुरे. रुफस किंवा व्हेंटॉयने तो सहज होतो आणि हार्डडिस्कवर काहीही बसवावं लागत नाही. रास्पबेरी पाय हाताशी असेल तर तोही चालेल. पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू होतो की नाही हे आत्ताच पाहून घ्या.

लिनक्सचा आग्रह धरण्याचं कारण साधं आहे. २०१४ च्या प्रकरणानंतर लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ३.१८ आवृत्तीपासून ०४०३:०००० या जोडीची नोंद मुद्दाम घातली गेली. त्यामुळे विंडोजने नाकारलेला अडॅप्टर तिथे लावताक्षणी चालतो. विंडोजमध्ये याच कामासाठी ड्रायव्हरची फाईल बदलावी लागते आणि विंडोजकडून होणारी ड्रायव्हरच्या डिजिटल सहीची तपासणी बंद करावी लागते. ज्याने हे आधी केलेलं नाही त्याने ती वाट धरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अडॅप्टर फक्त लिनक्सवरच वापरायचा असेल तर काम इथेच संपलं, पीआयडी ०००० राहिला तरी चालेल. टप्पा ५ ची चाचणी तेवढी करून घ्या.

## टप्पा ३ : विंडोजमधून दोषी ड्रायव्हर मुळासकट काढा

अडॅप्टर काढून ठेवा. नेट बंद करा, वायफाय आणि लॅन दोन्ही. नेट चालू असेल तर उपकरण लावताक्षणी विंडोज नवा ड्रायव्हर खेचून आणतं आणि तुमची मेहनत वाया जाते.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून शो हिडन डिव्हायसेस चालू करा. एफटीडीआयच्या नोंदी दोन ठिकाणी असतात: पोर्ट्सखाली 'यूएसबी सिरीयल पोर्ट' आणि युनिव्हर्सल सिरीयल बस कंट्रोलर्सखाली 'यूएसबी सिरीयल कन्व्हर्टर'. दोन्ही अनइन्स्टॉल करा आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हर सॉफ्टवेअर डिलीट करण्याच्या चौकटीत खूण करा. बरेच जण फक्त पोर्ट काढतात. चिपशी थेट बोलणारा भाग कन्व्हर्टरचा आहे, तो राहिला तर काहीच साधलं नाही.

एवढ्यानेही ड्रायव्हरच्या जुन्या प्रती विंडोजच्या साठ्यात उरू शकतात. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा.

1. विंडोज १० किंवा ११ वर 'पीएनपीयुटिल', जागा, तिरपी रेघ (/), 'एनम-ड्रायव्हर्स' हा आदेश द्या. लांबलचक यादी येईल.
2. प्रोव्हायडर एफटीडीआय असलेल्या नोंदी शोधा. मूळ नाव एफटीडीआयबस आणि एफटीडीआयपोर्ट असेल. प्रत्येकीसमोरचं 'ओईएम' आणि आकडा असलेलं नाव लिहून घ्या.
3. 'पीएनपीयुटिल', तिरपी रेघ 'डिलीट-ड्रायव्हर', मग ते ओईएमचं पूर्ण नाव शेवटच्या डॉट आयएनएफसह, मग तिरपी रेघ 'अनइन्स्टॉल'. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा आदेश.
4. कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि यादी पुन्हा काढा.

> तपासणी: यादीत एफटीडीआयची एकही नोंद उरता कामा नये. एक जरी राहिली तरी पुढे जाऊ नका.

> इशारा: 'रोल बॅक ड्रायव्हर' या बटणावर विसंबू नका. नवी प्रत साठ्यातच राहते. अडॅप्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की विंडोज तो नवीन समजून पुन्हा नवीच प्रत निवडू शकतं.

आता अपडेटची वाट बंद करा. विंडोज १० आणि ११ च्या प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज अपडेटखाली, अपडेटसोबत ड्रायव्हर घेऊ नयेत अशी नोंद आहे, ती चालू करा. होम आवृत्तीत ही सोय नाही. तिथे डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्जमध्ये 'नो' निवडा. एवढा बंदोबस्त ग्रुप पॉलिसीइतका पक्का नसतो, म्हणून होम आवृत्तीवर प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ड्रायव्हरची आवृत्ती पाहण्याची सवय लावा.

अडॅप्टर ज्या ज्या कॉम्प्युटरला लागणार आहे त्या सगळ्यांवर हा टप्पा करायचा आहे. ऑफिसचा लॅपटॉप साफ केला आणि मशीनजवळचा पीसी तसाच ठेवला तर अडॅप्टर तिथे जाऊन मरेल.

## टप्पा ४ : पीआयडी परत ६००१ करा

लाइव्ह पेनड्राइव्हवरून उबुंटू सुरू करा, अडॅप्टर लावा आणि टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' असा आदेश द्या. यादीत ०४०३:०००० ही ओळ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल आणि विंडोजमध्येही क्रमांक वाचता येत नव्हता, तर रोग वेगळा आहे, टप्पा १ वर परत जा.

वापरायचं साधन आहे एफटी२३२आर-प्रॉग. नावात दोन भागांच्या मधे अंडरस्कोर आहे. हे छोटं मुक्त साधन सोर्स कोडच्या रूपात मिळतं. बांधण्यासाठी कम्पायलर आणि लिबएफटीडीआयच्या डेव्हलपमेंट फाईल लागतात, दोन्ही 'एपीटी'ने बसतात. फोल्डरमध्ये जाऊन 'मेक' म्हटलं की साधन तयार. इथे लिनक्सला नेट लागेल आणि ते चालू ठेवायला हरकत नाही, कारण विंडोज या वेळी चालूच नाही.

1. आधी वाचा. साधन 'सुडो'ने चालवा आणि पर्याय द्या: दोन डॅश, ओल्ड-पीआयडी, जागा, शून्य-एक्स-०००० (शून्य, एक्स आणि आकडे सलग, मधे डॅश नाही) आणि मग दोन डॅश, डंप. चिपमधली माहिती पडद्यावर येईल.
2. प्रत जतन करा. डंपच्या जागी दोन डॅश, सेव्ह आणि फाईलचं नाव. लाइव्ह पेनड्राइव्हवरच्या फाईल रीस्टार्टनंतर उरत नाहीत, म्हणून ही फाईल दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.
3. आता लिहा. दोन डॅश, ओल्ड-पीआयडी, शून्य-एक्स-००००, मग दोन डॅश, न्यू-पीआयडी, शून्य-एक्स-६००१.
4. लिहून झाल्यावर अडॅप्टर काढा, थोडं थांबा, परत लावा. पुन्हा 'एलएसयूएसबी' द्या.

> तपासणी: ओळ आता ०४०३:६००१ अशी दिसली पाहिजे.

ओल्ड-पीआयडी न देता साधन चालवलं तर ते ६००१ असलेलं उपकरण शोधतं आणि काहीच सापडलं नाही म्हणून सांगतं. बरेच जण इथेच हार मानतात. उपकरण दुसऱ्या कुणी धरून ठेवलं आहे असा संदेश आला तर 'सुडो आरएमएमओडी' आणि एफटीडीआय-अंडरस्कोर-सिओ असा आदेश देऊन कर्नलचा ड्रायव्हर तात्पुरता सोडवा आणि पुन्हा लिहा. चेकसम (माहिती बरोबर वाचली का हे पडताळणारा आकडा) जुळत नसल्याचा संदेश आला तर लिहिण्याची घाई करू नका. डंप जतन करा आणि केबल व पोर्ट बदलून आधी पुन्हा वाचून बघा. सैल केबलमुळेही वाचन चुकतं.

> इशारा: लिहिणं चालू असताना अडॅप्टर ओढू नका आणि यूएसबी हब वापरू नका.

विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन करून त्यात लिनक्स चालवणाऱ्यांसाठी एक खास सापळा आहे. उपकरण आतल्या लिनक्सला द्यायला तुम्ही ०४०३:०००० असा फिल्टर लावता. पीआयडी बदलून अडॅप्टर पुन्हा लावला की तो ६००१ असतो, फिल्टरमध्ये बसत नाही, आणि थेट बाहेरच्या विंडोजकडे जातो. तिथे दोषी ड्रायव्हर उरलेला असेल तर क्षणात पुन्हा ००००. फिल्टरमध्ये फक्त व्हीआयडी ठेवा आणि टप्पा ३ झाल्याशिवाय ही पद्धत वापरूच नका.

विंडोजवरच करणं भाग असेल तर वाट अशी: जुन्या ड्रायव्हरच्या दोन्ही आयएनएफ फाईलींमध्ये (ड्रायव्हर कोणत्या क्रमांकांसाठी आहे ते यांत असतं) ०००० ची नोंद घालायची, ॲडव्हान्स्ड स्टार्टअपमधून सही तपासणी त्या वेळेपुरती बंद करायची, ड्रायव्हर हाताने बसवायचा आणि एफटीडीआयच्याच एफटी-प्रॉग या साधनात उपकरण स्कॅन करून व्हीआयडी-पीआयडी 'एफटीडीआय डिफॉल्ट' करून प्रोग्रॅम करायचं. झाल्यावर बदललेला ड्रायव्हर काढा आणि रीस्टार्ट करा, म्हणजे सही तपासणी परत सुरू होईल.

## टप्पा ५ : लूपबॅक चाचणी

क्रमांक बरोबर दिसला म्हणजे अडॅप्टर काम करतो असं नाही. अजून लिनक्समध्येच असताना टीएक्स (पाठवणारी) आणि आरएक्स (घेणारी) या पिना एका जंपरने, म्हणजे छोट्या तारेने, जोडा, म्हणजे पाठवलेलं तसंच परत येईल. नऊ पिनांच्या कनेक्टरमध्ये त्या २ आणि ३ क्रमांकाच्या पिना. बाकी पिनांना जंपरचा स्पर्श होऊ देऊ नका.

'सुडो स्क्रीन', मग तिरपी रेघ, डेव्ह, तिरपी रेघ, टीटीवाययूएसबी आणि शून्य असं सलग (यातलं यूएसबी मात्र मोठ्या इंग्रजी अक्षरांत) हे पोर्टचं नाव आणि ९६०० हा वेग देऊन पोर्ट उघडा. अक्षरं टाइप करा. ती पडद्यावर उमटली पाहिजेत. आता जंपर काढा आणि पुन्हा टाइप करा. आता काही उमटता कामा नये. हा दुसरा भाग लोक हमखास विसरतात. टर्मिनलचा लोकल एको (टाइप केलेलं स्वतःच पडद्यावर दाखवणं) चालू असेल तर अडॅप्टर मेलेला असतानाही अक्षरं दिसतात, आणि चाचणी पास झाल्याचा खोटा दिलासा मिळतो. वेग ११५२०० करून हेच पुन्हा करा.

> इशारा: नऊ पिनांचा आरएस-२३२ आणि बोर्डावरचा ५ किंवा ३.३ व्होल्टचा टीटीएल सिग्नल यांची थेट गाठ घालू नका. आरएस-२३२ च्या तारेवर ऋण व्होल्टेजही असतं, त्याने बोर्ड जळतो. आत्तापर्यंतचं सगळं नुकसान परत आणता येण्यासारखं होतं, हे नाही.

## टप्पा ६ : विंडोजवर परत आणताना

विंडोज सुरू करा, नेट अजून बंदच. २.१२ च्या आधीचा ड्रायव्हर, उदाहरणार्थ २.१०.००, आधीच डाउनलोड करून ठेवलेला असावा. तो बसवा आणि मगच अडॅप्टर लावा. उलट केलं तर विंडोज स्वतःच्या साठ्यातला उचलतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्रायव्हर टॅबवर आवृत्ती वाचा, पोर्टची आणि कन्व्हर्टरची, दोन्हींची.

त्यानंतर कॉम क्रमांक तपासा. दुरुस्तीनंतर तो बदललेला असू शकतो. जुनं सॉफ्टवेअर कॉम ३ वरच हटून बसलेलं असेल तर पोर्ट सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन क्रमांक बदला. क्रमांक 'इन यूज' दिसतो तो बऱ्याचदा आता न लावलेल्या उपकरणाच्या नावावर अडकलेला असतो. त्याच खिडकीत लेटन्सी टायमर (आलेली माहिती कॉम्प्युटरला द्यायला चिप किती थांबते ते) आहे, मूळचा १६ मिलिसेकंद. पीएलसी सॉफ्टवेअर टाइमआउट देत असेल तर तो कमी करून बघा.

> तपासणी: लूपबॅक विंडोजमध्येही करा. मग नेट चालू करा, रीस्टार्ट करा, अडॅप्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावा आणि हार्डवेअर आयडी व ड्रायव्हरची आवृत्ती पुन्हा वाचा. दोन्ही तेच राहिले तरच बंदोबस्त पक्का.

## प्रोलिफिक चिप असेल तर

इथे चिपमध्ये काहीही लिहिलं गेलेलं नसतं. नवा ड्रायव्हर जुन्या किंवा नकली पीएल२३०३ ला चालवायला नकार देतो, एवढंच. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० येतो, आणि काही आवृत्त्यांत नावाच्या जागीच पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद झाल्याचा इंग्रजी मजकूर दिसतो. ईईपीरॉमची साधनं इथे चालवू नका.

जुना ड्रायव्हर बसवा, ३.३.२.१०५ ही २००८ ची आवृत्ती यासाठी खूप वापरली जाते. मग अपडेट ड्रायव्हर, ब्राउझ माय कॉम्प्युटर, लेट मी पिक या वाटेने जाऊन यादीतून तीच आवृत्ती हाताने निवडा. 'आपोआप शोधा' हा पर्याय निवडला तर विंडोज पुन्हा नवीच घेईल. अडॅप्टर दुसऱ्या पोर्टला लावल्यावर हीच निवड परत करावी लागू शकते, म्हणून एक पोर्ट ठरवून तिथेच लावा.

## दुरुस्त अडॅप्टर कुठे वापरावा

शिकण्यासाठी, आर्डुइनोसाठी, राउटरच्या कन्सोलसाठी खुशाल वापरा. वजनपुलावर, सीएनसीवर, रुग्णाच्या उपकरणावर वापरू नका. नंतरचे एफटीडीआय ड्रायव्हर नकली चिप ओळखतात, आणि एखाद्या दिवशी कुणी नकळत ते बसवले तर यंत्राच्या तारेवर भलताच मजकूर जाईल. अशा कामासाठी अधिकृत वितरकाकडून अस्सल एफटीडीआयचा, नाहीतर सरळ सीएच३४० किंवा सीपी२१०२ नावाने विकला जाणारा अडॅप्टर घ्या. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेताना चिपचं नाव आधी विचारा. सीएच३४० स्वस्त आहे, पण स्वतःच्या नावाने विकली जाते, आणि तिच्यामागे हा पीआयडीचा घोळ नाही. एक लक्षात ठेवा: उबुंटू २२.०४ मध्ये बीआरएलटीटीवाय हा ब्रेल पडद्यासाठीचा प्रोग्रॅम काही वेळा सीएच३४० चा पोर्ट बळकावतो. ब्रेल पडदा वापरत नसाल तर तो प्रोग्रॅम काढून टाका.

दुरुस्त केलेल्या अडॅप्टरवर चिठ्ठी चिकटवा: चिप नकली, पीआयडी कधी लिहिला ती तारीख, आणि कोणत्या आवृत्तीचा ड्रायव्हर चालतो. कॉम्प्युटरवरही तशीच एक चिठ्ठी लावा, ड्रायव्हर अपडेट करू नये अशी. तुमच्यानंतर त्या खुर्चीवर बसणाऱ्याला हे कळायला दुसरा मार्ग नाही.